आधी ते पाकीट उघडा, राजीनाम्याचे नंतर पाहू

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून इंदूरला राजेंद्र नगरात राहते. विजय नगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ वर्षे नोकरी करते आहे. हातात ५२,००० रुपये येतात. मुलगी पाच महिन्यांची आहे. २६ आठवड्यांची रजा संपत आली असून तीन आठवड्यांनी रुजू व्हायचे आहे. पाळणाघराचे ११,०००, पोळी-भाजीच्या बाईंचे ४,५००, येण्याजाण्याचे ४,००० आणि मुलीच्या पॉलिसीचे १२,५०० वजा केले, तर महिन्याला जेमतेम २०,००० उरतात. एवढ्यासाठी तिला दिवसभर दूर ठेवावे का? सासूबाई ‘मी सांभाळते’ म्हणतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. माझ्या पतींना पीथमपूरच्या कारखान्यात ५८,००० मिळतात. घराच्या कर्जाचा हप्ता २४,५०० आहे, २७ लाख फेडायचे आहेत. तीन वर्षे घरी राहावे, पीएफचे ४ लाख ६० हजार काढून पॉलिसीचे हप्ते भरावेत आणि शेअर बाजाराचा कोर्स करून घरबसल्या दहा-पंधरा हजार मिळवावेत, असा विचार आहे. पॉलिसी बारशाच्या आहेरातून आणि बचतीतून घेतली. बँकेत मुलीचे खाते उघडायला गेलो होतो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी सुचवली. कागदपत्रांचे पाकीट १२ दिवसांपूर्वी आले, अजून नीट पाहिलेले नाही. — अ. क., इंदूर

उत्तर : तुमचे पत्र वाचल्याबरोबर मी तुम्हाला दोनच ओळी कळवल्या होत्या, की पाकीट उघडा आणि पहिल्या काही पानांचे फोटो पाठवा. तुम्ही ते त्याच रात्री पाठवलेत, हे फार बरे झाले. नोकरीचा निर्णय तीन आठवड्यांनी घेतला तरी चालेल. या पॉलिसीचा निर्णय मात्र याच आठवड्यात घ्यायला हवा, कारण पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचा हक्क विमा नियामकाने तुम्हाला दिलेला आहे आणि त्यातले १३ दिवस आता गेलेले आहेत. या मुदतीत परत केलेल्या पॉलिसीचा हप्ता, तेवढ्या दिवसांच्या विमाछत्राचे पैसे, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा जाता, परत मिळतो. मुदत उलटली की वर्षाच्या हप्त्याचा हाच दीड लाख (तुमचे महिन्याचे १२,५०० त्याचेच) अडकला.

फोटोतल्या दुसऱ्या पानावर ‘विमाधारकाचे वय’ या रकान्यात ‘० वर्षे’ असे छापले आहे. या कुटुंबात कमावणारी माणसे दोन, कर्ज २७ लाखांचे, आणि विमा काढला आहे तो जिच्या कमाईवर कोणीही अवलंबून नाही अशा पाच महिन्यांच्या बाळाचा. उद्या तुम्हा दोघांपैकी कोणाचे बरेवाईट झाले, तर ही पॉलिसी एक रुपयाही देणार नाही, कारण पालकाच्या मृत्यूनंतर हप्ते माफ होण्याची सोय तुम्ही घेतलेली नाही. उलट मागे राहिलेल्याने वर्षाला दीड लाख भरत राहायचे आहेत. वीस वर्षे मी हे काम करतो आहे आणि बारशाच्या आहेराची पाकिटे बँकेत जमा करायला गेलेले आईवडील असे कागद घेऊन परतलेले पाहिले की मला अजूनही राग येतो. बाळाच्या नावाने काही करावे ही त्या दिवसांतली ओढ खरी असते आणि विकणाऱ्याला ती नेमकी ठाऊक असते.

आता पॉलिसी सुचवताना तुम्हाला ऐकवलेल्या ‘पैसे दुप्पट’ या शब्दांकडे पाहू. वर्षाला दीड लाख असे १२ वर्षे भरायचे, म्हणजे १८ लाख, आणि विसाव्या वर्षी ३६ लाख मिळणार. दुप्पट झाले हे खरे. पण पहिला दीड लाख वीस वर्षे अडकलेला असतो आणि शेवटचासुद्धा नऊ वर्षे. व्याजाच्या भाषेत हा परतावा ५ टक्क्यांनाही पोचत नाही. हेच दीड लाख १२ वर्षे सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत खात्यात भरले, तर जानेवारी २०२४ पासून असलेला ८.२ टक्के दर पुढेही टिकला असे धरून विसाव्या वर्षी सुमारे ५८ लाख होतात. दर सरकार दर तिमाहीला ठरवते, तो खाली येऊ शकतो. पण एकाच मुलीसाठी, तेवढेच पैसे भरून, २२ लाखांचा फरक पडत असेल तर दर थोडा घसरला तरी पारडे फिरत नाही. ‘कर वाचेल’ असेही तुम्हाला सांगितले गेले. तुम्ही दोघेही नव्या कररचनेत आहात. तिथे विमा हप्त्याची वजावट मिळत नाही आणि तुमच्या दोघांच्या पगारावर सध्या करच लागत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कुठून?

तुमच्या नजरेतून निसटलेली आणखी एक गोष्ट चौथ्या पानावर आहे. प्रस्ताव अर्जात तुमचे वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिले आहे आणि कर्जाच्या रकान्यात ‘नाही’. सही तुमची आहे, अक्षर तुमचे नाही. पडताळणीचा फोन आला तेव्हा मुलगी रडत होती आणि तुम्ही प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत गेलात, असे तुम्ही कळवले आहे. त्यात तुमचा दोष मी फारसा धरत नाही, परंतु खोटी माहिती तुमच्या सहीखाली असणे ही पॉलिसी परत करायला पुरेशी गंभीर बाब आहे आणि अर्जात तसे स्पष्ट लिहा.

अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेला नव्हे. पॉलिसी क्रमांक, पाकीट मिळाल्याची तारीख, ‘विहित मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे’ हे वाक्य, कारण आणि सोबत रद्द केलेला धनादेश. कुरिअरचे वरचे कव्हर फेकू नका, तारखेचा पुरावा तोच आहे. कंपनीच्या इंदूरच्या शाखेत स्वतः देऊन तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. बँकेतून फोन येईल आणि ‘मॅडम, एक वर्ष तरी चालवून पाहा’ असे सांगितले जाईल. वर्ष चालवल्यावर हा हक्क उरत नाही, म्हणून त्या संभाषणात वेळ घालवू नका. कंपनीने दाद दिली नाही, तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर आणि त्यानंतर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशासाठी लोकपालांचे कार्यालय भोपाळला आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. त्याचे अर्धे उत्तर वरच्या मजकुरातच आले आहे, कारण ‘वीस हजारांसाठी नोकरी’ हा आकडा त्या पॉलिसीने बिघडवला आहे. विम्याचा हप्ता हा नोकरीला जाण्याचा खर्च नाही. तो बाजूला काढला की उरतात ३२,५००. शिवाय पीएफमध्ये तुमचे ३,००० आणि कंपनीचे ३,००० असे सहा हजार दरमहा जमा होतात. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे जातात, बाकी तुमच्या खात्यात. म्हणजे नोकरीचे मोल महिन्याला साडेअडतीस हजार आहे. तीन वर्षांचे झाले जवळजवळ १४ लाख, पगारवाढ न धरता.

आणि पाळणाघराचे अकरा हजार फक्त तुमच्याच पगारातून का वजा केलेत? मुलगी दोघांची आहे. दोघांचे मिळून १ लाख १० हजार येतात, त्यातला दहावा हिस्सा तिच्या सांभाळावर जातो, असा हिशेब मांडा. वहीत खर्च कोणत्या बाजूला लिहिला आहे, एवढ्यावरून अनेक घरांत आईच्या नोकरीचा निकाल लागतो, आणि हे मला मनापासून चुकीचे वाटते.

पीएफ काढून पॉलिसीचे हप्ते भरण्याचा विचार तर पूर्ण सोडून द्या. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत पीएफवर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले. ते पैसे उपसून ५ टक्क्यांच्या खाली ठेवायचे, यात लाभ फक्त विकणाऱ्याचा. तुमची सेवा पाच वर्षांहून जास्त आहे, त्यामुळे काढलेल्या रकमेवर कर लागणार नाही. पण पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेवर मिळतो आणि तुमची आठ झाली आहेत. उद्या खरोखरच नोकरी सोडलीत तरी ते खाते तसेच राहू द्या.

शिवाय पीएफला हात लावायचा नाही म्हटल्यावर राजीनाम्यानंतर त्या पॉलिसीचा दुसरा हप्ता आला कुठून असता? पतींच्या ५८,००० मधून कर्जाचे २४,५०० आणि तुम्ही कळवलेला घरखर्च ३०,००० गेल्यावर साडेतीन हजार उरतात, वर्षाचे ४२ हजार. राहिली शेअर बाजाराच्या कोर्सची गोष्ट. ३५,००० रुपये फी घेऊन महिन्याला ठरावीक कमाईचे आश्वासन देणारे हे कोर्स प्रामुख्याने ऑप्शनचे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे, सौदे शिकवतात, आणि शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत अशा वायदे बाजारात उतरलेल्या १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाल्याचे दिसले. कुशीत बाळ घेऊन त्या सात जणांत बसण्याची आशा धरू नका. फी भरली नसेल तर भरू नका.

मुलीला दूर ठेवण्याचे दुःख आकड्यांनी कमी होत नाही, हे मी जाणतो. पण त्यावर कायद्याने काही दिलेले आहे आणि ते तुम्ही मागितलेलेच नाही. तुमच्या कंपनीत दोनशेहून अधिक माणसे आहेत. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आहे. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन वेळा वेगळी सुट्टीही मिळते. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची व्यवस्था परस्परसंमतीने ठरवता येते. त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची ही तरतूद कायम आहे. तेव्हा मनुष्यबळ विभागाला आजच, रुजू होण्याच्या आधी, नम्र शब्दांत लेखी विचारा की पाळणाघर कुठे आहे, नसेल तर कंपनी बाहेरच्या पाळणाघराची फी देणार का, आणि पहिले तीन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळेल का. तोंडी विचारलेले विसरले जाते.

राजेंद्र नगर ते विजय नगर म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसरे टोक. त्या गर्दीतून बाळाला रोज नेण्यापेक्षा घराजवळचे पाळणाघर दुपारी एकपर्यंत आणि पुढे सासूबाई, अशी विभागणी मला जास्त पटते. मात्र दुपारी घरी मदतीला एक बाई हवीच. मुलगी आज उचलून घेण्याजोगी आहे, चार महिन्यांत ती घरभर रांगू लागेल, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्यामागे धावायचे म्हणजे सासूबाईंच्या प्रेमाचा भार त्यांच्याच पायांवर टाकणे होय. बाईंना सहा हजार द्यावे लागले आणि पाळणाघराची फी अर्ध्या दिवसामुळे कमी झाली, तर एकूण खर्च जवळपास तेवढाच राहील. रुजू होण्याआधीच्या दोन आठवड्यांत मुलीला आधी तासभर, मग दोन तास, असे तिथे सोडून पाहा. शक्य असेल तर सोमवारी न जाता बुधवारी रुजू व्हा, म्हणजे पहिला आठवडा तीनच दिवसांचा होईल. सकाळी पतींची कारखान्याची बस लवकर असते, म्हणून संध्याकाळचे काम त्यांच्याकडे द्या. सहा महिने असे चालवा, त्यानंतरही जीव ओढत असेल तर राजीनाम्याचा विचार करा. तेव्हा तो तुमच्या इच्छेने होईल, चुकीच्या बेरजेमुळे नव्हे.

आणखी एक काम रुजू होण्याची वाट न पाहता करायचे आहे. तुमच्या कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात मुलीचे नाव अजून घातलेले नाही. नवजात बाळाचे नाव घालायला बहुतेक ठिकाणी जन्मानंतर थोडेच दिवस देतात. ती मुदत गेली असेल तर नूतनीकरणाच्या वेळी तरी ते घातले जाईल याची लेखी खात्री करून घ्या. पतींच्या कारखान्यात असा विमा नाही, म्हणजे तुम्ही राजीनामा दिला असता तर त्याच दिवसापासून सगळे घर उघडे पडले असते. स्वतःची दहा लाखांची कौटुंबिक आरोग्य विमा पॉलिसी घ्या.

आता ते महिन्याचे १२,५०० कसे वापरायचे, ते सांगतो. तुम्हा दोघांच्या नावे प्रत्येकी एक कोटीचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वर्षाला साधारण २५ हजारांत बसावा आणि आरोग्य विमा २० हजारांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे जुन्या आकड्यांपेक्षा हे थोडे स्वस्त पडते. हे झाले महिन्याला पावणेचार हजार. पाच हजार मुलीच्या सुकन्या खात्यात. पंधरा वर्षे भरून एकविसाव्या वर्षी, सध्याच्या दराने, २७-२८ लाख होतात आणि ती १८ वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. उरलेले पावणेचार हजार आवर्ती ठेवीत टाका. पॉलिसीचे परत येणारे पैसे दीड लाखाच्या किंचित खाली असतील, म्हणजे तुमच्या कर्जाचे साधारण सहा हप्ते. ते वेगळ्या मुदत ठेवीत ठेवून त्यांना हात लावू नका.

उद्या शाखेत जाल तेव्हा पतींना सोबत न्या आणि शिक्क्याची पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. त्यावरची तारीख स्पष्ट वाचता आली पाहिजे.