छळाच्या खोट्या तक्रारीवरून जालन्यात भावाला नोटीस न देता अटक झाली. आता जामिनावर आहे. पुढे काय करता येईल?

उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करा आणि बेकायदा अटकेबद्दल अवमान याचिकाही (न्यायालयाचा आदेश न पाळल्याबद्दलची) दाखल करा. सासरच्या छळाच्या कलमात शिक्षा ३ वर्षांपर्यंतच आहे. अशा गुन्ह्यात आधी हजर राहण्याची नोटीस द्या, थेट अटक करायचीच असेल तर कारणं लेखी नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलंय. म्हणून आधी रिमांड अर्ज (पोलिसांनी कोर्टात कोठडी मागण्यासाठी दिलेला) आणि अटकेच्या चेकलिस्टची (अटक का केली याची कारणं भरलेली यादी) नक्कल काढा. कारणांच्या रकान्यात नुसता 'फरार होण्याची शक्यता' असा ठोकळेबाज मजकूर असेल, तर तोच तुमचा भक्कम मुद्दा. मात्र अटक चुकीची ठरली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. खोट्या खटल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा निर्दोष सुटल्यावर किंवा गुन्हा रद्द होऊन खटला संपल्यावरच, तोही त्यापासून वर्षभरात लावावा लागतो.