मध्यम आकाराच्या टूरिंग मोटरसायकलला चेनऐवजी शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा फिरता दांडा) का देतात?

मुख्यतः देखभाल वाचते म्हणून. चेनला साधारण दर 500 ते 1000 किलोमीटरला वंगण द्यावं लागतं, ताण तपासावा लागतो. दिवसाला 400 किलोमीटर कापणाऱ्याला दर एक-दोन दिवसांनी हा उद्योग नकोसा होतो. शाफ्टचे गिअर बंद आवरणात, तेलात फिरतात. पावसाचिखलाचा त्रास नाही. त्याबदल्यात वजन वाढतं, बेव्हल गिअरमध्ये (फिरण्याची दिशा काटकोनात वळवणाऱ्या दातेरी चाकांत) थोडी ताकद वाया जाते आणि थ्रॉटल झटक्यात पिळला की मागची बाजू किंचित उचलल्यासारखी वाटते.

माझं आवडतं उदाहरण होंडाची डोव्हिल, 1998 ची. 647 सीसी व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन), शाफ्ट, आणि सामानाच्या पेट्या बॉडीतच घडवलेल्या. दिसायला अगदीच साधी, पण कामाची. गर्दीतून काढताना मात्र त्या पेट्यांची रुंदी लक्षात ठेवायची!