उलट्या झालेल्या मांजराच्या इकोत हृदयाची भिंत जाड दिसली, तर ते खरं मानायचं का?

तुमच्या ४ किलोच्या बोक्याला तीन दिवस उलट्या, त्यातच इको (हृदयाची सोनोग्राफी), डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत ६.२ मिमी आणि निदान 'एचसीएम', म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. अंगातलं पाणी कमी झाल्याने असं दिसू शकतं का, हा तुमचा प्रश्न. हो, दिसू शकतं, आणि एवढ्या एका आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये.

पाणी कमी झालं की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. जवनिका पुरती भरत नाही, पोकळी लहान होते. स्नायू मात्र तेवढाच असतो, त्यामुळे तो जाड दिसतो. फुग्यातली थोडी हवा काढली की रबर जाड होतं तसंच. निरोगी मांजरांना लघवीचं औषध देऊन पाणी कमी केल्यावरही असाच बदल मोजला गेला आहे.

म्हणून रिपोर्टमध्ये नुसती भिंत पाहू नका. प्रसरणाच्या शेवटी (हृदय सैल पडून भरल्यावर) मोजलेली ६ मिमी किंवा जास्त जाडी असामान्य धरतात, ५ ते ६ संशयास्पद. तिच्याशेजारी पोकळीचा व्यास आणि डावी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) वाचा. भिंत जाड, पोकळी लहान, कर्णिकाही लहान आणि नाडी जलद असेल, तर संशय आधी पाणी कमी झाल्यावर घ्यावा. कर्णिका आणि महाधमनीचं गुणोत्तर १.५ च्या वर असेल, तर कोरडेपणाने ते समजावता येत नाही. त्याने कर्णिका लहानच होते.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. खरंच हृदयरोग असलेल्या मांजराची फुगलेली कर्णिका पाणी कमी असताना जवळजवळ नॉर्मल दिसते. त्या भरवशावर सलाईन भराभर चढवलं, तर फुफ्फुसात पाणी भरू शकतं. वजनाच्या ७ टक्के कोरडेपणा धरला तर तुमच्या बोक्याची तूट साधारण २८० मिली. हृदयाचा संशय असताना ती १२ ते २४ तासांत, झोपलेल्या अवस्थेतला श्वास मोजत भरावी. मिनिटाला ३० च्या वर जाऊ लागला की सलाईन थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा इको कधी? हिरड्या ओलसर, वजन पूर्ववत, खाणंपिणं सुरू, आणि सलाईन बंद होऊन एक-दोन दिवस झाल्यावर. सलाईन चालू असताना केला तर कर्णिका उगाच मोठी दिसते. त्याच खेपेस रक्तदाब मोजून घ्या, आणि बोका ७ वर्षांपुढचा असेल तर टी-४ (थायरॉइडची रक्तचाचणी) सुद्धा. वाढलेला दाब आणि थायरॉइड, दोन्हीही भिंत जाड करतात.