वय २७, हृदयाचा मायट्रल वॉल्व्ह (झडप) बदलायचा आहे. मेकॅनिकल (धातूचा) बसवू की टिश्यू (प्राण्याच्या ऊतीचा)?

तुम्ही लिहिलंय की लग्न पुढच्या वर्षी आहे, घरचे मेकॅनिकल म्हणतायत आणि रॉस शस्त्रक्रियेबद्दलही वाचलंय. रॉस विसरा, ती मुळात ऑर्टिक या दुसऱ्या वॉल्व्हची शस्त्रक्रिया. मला खटकलं ते 'घरचे म्हणतायत'.

२००४ साली मी २५ वर्षांची होते, लग्नाला दीड वर्ष झालेलं. सर्जनने पर्याय समजावले ते कॉरिडॉरमध्ये, माझ्या दादाला आणि नवऱ्याला. मी आत कॉटवर चांगली शुद्धीत बसलेली. दादा आत येऊन म्हणाला, "धातूचा ठरलाय. एकदाच काय ते होऊन जाईल." मी विचारलं, "आणि मूल?" तर म्हणे, ते नंतर बघू.

नंतर काय बघणार? धातूचा वॉल्व्ह म्हणजे जन्मभर रक्त पातळ करायची गोळी, ॲसिट्रॉम नाहीतर वॉरफरिन. ती गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते, सहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्यंगाची भीती. गोळी थांबवून हेपरिनच्या इंजेक्शनवर जावं तर वॉल्व्हवर गुठळी धरण्याची भीती. हे मला सांगितलं रात्रपाळीच्या सिस्टरने, सलाईन बदलता बदलता. सकाळी राउंडला सर्जन आले तेव्हा मीच टिश्यू मागितला. दादा चार महिने बोलला नाही.

२००८ मध्ये मुलगी झाली. २०१४ च्या दिवाळीत जिना चढताना दम लागायला लागला. तरुण शरीरात टिश्यू वॉल्व्ह लवकर कडक होतो, मला ते माहीत होतं. २०१५ मध्ये पुन्हा छाती उघडली. दुसऱ्या वेळी हृदय आतून छातीच्या हाडाला चिकटलेलं असतं, ते सोडवण्यातच वेळ जातो. या वेळी धातूचा 'चित्रा' वॉल्व्ह बसवला, तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत हृदयाचे सर्जन वलियाथन यांच्या चमूने बनवलेला, १९९० पासून वापरात असलेला आपला वॉल्व्ह. शुद्धीवर आले तर दादा समोर. "तेव्हाच ऐकलं असतंस तर!" घशात नळी होती म्हणून वाचला.

दादाही या साइटवर असतो, वाचू दे. ११ वर्षं वॉल्व्ह टिकला आणि माझी मुलगी त्याच वर्षांतली आहे. दादा, त्याला घाटा म्हणायचं तर खुशाल म्हण.

धातूच्या वॉल्व्हचं जगणं काही भयंकर नाही. कालनिर्णयवर रोजचा डोस लिहिते, आज ३ मिलीग्रॅम, उद्या ४. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा, अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा. 'पालेभाजी बंद' हा मूर्खपणा आहे. मेथी खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच, नाहीतर आयएनआर खालीवर नाचतो. अंगदुखीवर मेडिकलवाल्याने दिलेली गोळी परस्पर घेऊ नका. त्याने तपासणी न लागणारी नवीन रक्त पातळ करायची गोळी सुचवली तर तीही नको. धातूच्या वॉल्व्हवर त्यातलीच एक, डॅबिगॅट्रान, वापरून बघितली होती, गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही, चाचणी थांबवावी लागली. रात्री वॉल्व्हची टिकटिक ऐकू येते. मुलीला त्याचीच सवय झालीय, माझ्या कुशीत घड्याळ आहे म्हणायची.

हो, आणि हे आधी लिहायला हवं होतं: वॉल्व्ह दुरुस्त होतो का किंवा फुग्याने रुंद करून भागतं का, ते पहिल्यांदा विचारा. एएफ असेल, म्हणजे ठोक्यांची लय बिघडली असेल, तर टिश्यूवरही रक्त पातळ करायच्या गोळ्या लागू शकतात, मग त्याचा निम्मा फायदा गेला. धातूचा वॉल्व्ह असलेल्या बायकांनाही मुलं होतात, गोळीचा डोस कमी लागत असेल तर बाळाचा धोकाही कमी असतो, पण हृदयाचा आणि बाळंतपणाचा डॉक्टर दोघांचं एकमेकांशी बोलणं हवं. सर्जनशी बोलायला स्वतः जा, घरच्यांना कॉरिडॉरमध्ये बसवा.

आत्ता लक्षात आलं, तुम्ही मुलगा की मुलगी हे कुठे लिहिलेलंच नाही. मुलगा असाल तर माझं निम्मं उत्तर वाया गेलं. मग मेकॅनिकल घ्या, फक्त तुमच्या तालुक्याला आयएनआर होतो का ते आधी बघून ठेवा.