उत्तर वाचले की समजते, पण स्वतःला सुटत नाही

तासगावच्या विद्यार्थिनीस,

सप्रेम नमस्कार. सांगलीच्या महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकत असतानाच तुम्ही एमबीए सीईटीची (राज्यातील एमबीए प्रवेशपरीक्षेची) तयारी सुरू केली आहे आणि जमल्यास कॅट ही आयआयएमची प्रवेशपरीक्षाही द्यावी असा विचार आहे, असे तुम्ही लिहिले आहे. अकरावीला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेतल्यामुळे दहावीनंतर गणित सुटले, याची खंतही पत्रात दिसते. तुमची मुख्य अडचण तुमच्याच शब्दांत अशी आहे : ‘पुस्तकातले उत्तर वाचले की सगळे समजते, पण पुढचे गणित हाती घेतले की सुरुवातच सुचत नाही.’ भावाच्या मते मोबाईलवरच्या शॉर्ट ट्रिक्स पाठ कराव्यात आणि वडिलांच्या मते पुण्यात खोली घेऊन क्लास लावावा, तर यांपैकी काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी अडचणीविषयी. सोडवलेले गणित वाचताना प्रत्येक पायरी बरोबर आहे की नाही एवढेच आपण तपासत असतो; ती पायरी तिथे का घेतली आणि दुसरी का घेतली नाही, हा निर्णय लेखकाने आधीच घेतलेला असतो. परीक्षेत मात्र नेमका तोच निर्णय आपल्याला घ्यावा लागतो आणि त्याचा सराव वाचनातून होत नाही. तुम्ही सहा महिन्यांत तीन पुस्तके ‘पूर्ण’ केल्याचे लिहिले आहे, परंतु त्यातील किती गणिते उत्तर न पाहता शेवटपर्यंत नेली, याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

तुमच्याच गावाला शोभेल असे एक उदाहरण घेऊ. ताज्या द्राक्षांत 80 टक्के पाणी आहे आणि सुकवल्यानंतर बेदाण्यात 15 टक्के पाणी उरते, तर 425 किलो द्राक्षांपासून किती बेदाणा मिळेल? घाईत असलेला विद्यार्थी 80 मधून 15 वजा करतो, 65 टक्के पाणी उडाले असे धरतो आणि 425 चे 35 टक्के, म्हणजे 148.75 किलो, असे उत्तर देतो. बेरीज-वजाबाकीत त्याची काहीच चूक नाही. चूक अशी की 80 टक्के हे द्राक्षांच्या वजनाचे आहेत आणि 15 टक्के हे बेदाण्याच्या वजनाचे आहेत, त्यामुळे त्यांची एकमेकांतून वजाबाकी करताच येत नाही. येथे पेन्सिल चालवण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : या सगळ्या व्यवहारात न बदलणारे काय आहे? पाणी बदलते, एकूण वजन बदलते, परंतु पाण्याव्यतिरिक्तचा गर तेवढाच राहतो. तो 425 चे 20 टक्के, म्हणजे 85 किलो आहे. हाच 85 किलो गर बेदाण्याच्या वजनाचा 85 टक्के भाग असणार, म्हणून बेदाणा 100 किलो.

उत्तर आल्यावर आणखी अर्धे मिनिट थांबावे. एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षे लागतात, हे तासगावात बेदाण्याचे शेड असलेल्या कोणालाही विचारले तरी कळेल. आपल्या उत्तरात ते प्रमाण सव्वाचार येते, म्हणून ते पटण्यासारखे आहे, 148.75 धरल्यास ते तीनच्याही खाली जाते आणि तिथेच शंका यायला हवी. अंदाजाची ही सवय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जमाखर्चामुळे असतेच, परंतु गणिताच्या धास्तीने ते ती बाजूला ठेवतात, हे मला नेहमीच नवल वाटते.

‘न बदलणारे काय?’ हा प्रश्न वयांच्या गणितात दोघांच्या वयांतील फरक दाखवतो, काळ-काम-वेगात एकूण काम दाखवतो आणि दुधात पाणी मिसळण्याच्या गणितात दूध दाखवतो. चार प्रकरणांसाठी चार सूत्रे पाठ करण्यापेक्षा हे अधिक टिकाऊ आहे.

म्हणून पुढील काही आठवडे अभ्यासाची रीत बदला. गणित वाचल्यावर काय दिले आहे आणि काय विचारले आहे हे मराठीत स्वतःच्या एका वाक्यात लिहा, कारण प्रश्नपत्रिका इंग्रजीत असली तरी विचार ज्या भाषेत सहज होतो त्याच भाषेत करण्यात कमीपणा नाही. त्यानंतर उत्तराचे पान झाकून दहा-पंधरा मिनिटे झटा. नाहीच सुटले तर उत्तराची केवळ पहिली ओळ पाहा आणि पुन्हा झाका. पूर्ण उत्तर पाहावे लागले, तर दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर पहिल्यापासून करा. चुकलेल्या गणितांसाठी वेगळी वही ठेवा. त्यात उत्तर उतरवून घेऊ नका, तर कुठे घसरलो हे लिहा : प्रश्न चुकीचा वाचला, टक्केवारीचा पाया बदलला हे लक्षात आले नाही, की आकडेमोड चुकली. तासगाव-सांगली एसटीच्या प्रवासात नवी गणिते सोडवण्याचा अट्टहास न करता ही वही चाळावी.

आता तर्काच्या प्रश्नांकडे येतो, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे आणि गुण मात्र तिथे अधिक आहेत. 2024 च्या एमबीए सीईटीत 200 प्रश्नांसाठी 150 मिनिटे होती. त्यांपैकी 75 प्रश्न तर्कक्षमतेचे, 25 आकृत्यांवरील तर्काचे, 50 गणिताचे आणि 50 इंग्रजीचे होते. म्हणजे ज्या गणिताने तुमची झोप उडवली आहे ते पाव हिस्सा आणि तर्क निम्मा हिस्सा. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तुम्ही बुद्धिमत्ता चाचणीचा जो पेपर दिला होता, त्याच कुळातील हे प्रश्न आहेत, केवळ त्यांची गुंतागुंत वाढलेली आहे.

बैठकव्यवस्थेचा एक छोटा प्रश्न पाहा. अ, ब, क, ड, इ हे पाच जण उत्तरेकडे तोंड करून एका रांगेत बसले आहेत. अच्या लगेच उजवीकडे ड आहे. क हा इच्या उजवीकडे कुठेतरी आहे. ब एका टोकाला आहे. ब आणि इ यांच्यामध्ये दोघे जण आहेत. मध्यभागी कोण? बहुतेक विद्यार्थी पहिल्या सूचनेपासून सुरुवात करतात आणि अ-ड ही जोडी चार ठिकाणी बसू शकते हे पाहून गोंधळतात. सूचना ज्या क्रमाने छापल्या आहेत त्याच क्रमाने वापरण्याचे बंधन नाही. जी सूचना सर्वांत कमी जागा मोकळ्या ठेवते ती आधी घ्यावी. ब डाव्या टोकाला असेल तर इ चौथ्या जागी, ब उजव्या टोकाला असेल तर इ दुसऱ्या जागी. दोनच चौकटी उरल्या. पहिल्या चौकटीत अ-ड यांना दुसरी-तिसरी जागा आणि कला पाचवी जागा मिळते. दुसऱ्या चौकटीत अ-ड तिसऱ्या-चौथ्या जागी जातात आणि कला पहिलीच जागा उरते. तिथे तो इच्या डावीकडे येतो, म्हणून ती चौकट बाद. रांग ब, अ, ड, इ, क अशी ठरते आणि मध्यभागी ड येतो.

विधान-निष्कर्षाच्या प्रश्नांत तर व्यवहारज्ञानच आड येते. सर्व शिक्षक खेळाडू आहेत आणि काही खेळाडू गायक आहेत, यावरून काही शिक्षक गायक आहेत असे सिद्ध होत नाही; ते गायक खेळाडू शिक्षकांबाहेरचे असू शकतात. वर्तुळे काढा, दिलेल्या विधानापलीकडचे काहीही गृहीत धरू नका.

वेळेचा हिशेब सरासरी एका प्रश्नाला 45 सेकंद असा येतो, परंतु घड्याळ लावून सराव करण्याची घाई आताच नको. रीत बसल्यावर वेग येतो. परीक्षेत मात्र अडलेल्या प्रश्नाशी हट्ट धरू नये. सीईटीच्या त्या पेपरमध्ये चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नव्हते, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नव्हता. या वर्षीचा नियम सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. कॅटचा हिशेब वेगळा आहे. तिथे बहुपर्यायी प्रश्नाच्या बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकल्यास एक जातो, म्हणजे चार पर्यायांत डोळे झाकून टिचकी मारल्यास सरासरी हाती शून्य येते आणि एक जरी पर्याय खात्रीने बाद करता आला तरच अंदाज लाभाचा ठरतो.

भावाच्या शॉर्ट ट्रिक्सबद्दल माझे मत कडक आहे : जी युक्ती का चालते हे तुम्हाला सांगता येत नाही, ती परीक्षेत नेमकी चुकीच्या गणिताला लावली जाते. पाठांतरच करायचे असेल तर तीसपर्यंतचे पाढे, वर्ग आणि अपूर्णांकांची शेकडेवारी (एक अष्टमांश म्हणजे 12.5 टक्के, अशी) पाठ करा. घरात आजी-आजोबांना पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) येत असेल तर त्यांच्याकडूनही शिका.

पुण्याच्या क्लासबाबत वडिलांना असे सांगावे की वरील पद्धतीने दोन महिने घरीच अभ्यास करून पाहू. सहावी ते दहावीची बालभारतीची गणिताची पुस्तके यासाठी पुरेशी आहेत, कारण शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, व्याज आणि नफा-तोटा यांचा पाया तिथेच आहे. त्यानंतर एक पूर्ण सराव परीक्षा 150 मिनिटे लावून द्या आणि चुकांची वही तपासा. चुका प्रामुख्याने वाचनाच्या आणि आकडेमोडीच्या असतील, तर क्लासवर पैसे घालवू नका. एखादे प्रकरण मुळातच कळत नाही असे दिसले, तर तेवढ्यापुरती शिकवणी सांगलीतच शोधा. शेवटच्या वर्षाची हजेरी आणि परीक्षा सांभाळून पुण्यात राहणे तुम्हाला यंदा परवडणारे नाही.