पुलाखाली उतरून कोणी पाहिलं का?

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला, तेव्हा लांबोटीजवळ सोलापूर-पुणे रस्ता आणि वडकबाळकडे सोलापूर-विजयपूर रस्ता बंद ठेवावा लागला होता. तिऱ्ह्याच्या पुलावरूनही पाणी गेलं. ते पाहिलेल्या माणसाला पुलावर गाडी घालताना धाकधूक वाटणारच. या वेळी वाचकांची पत्रं बहुतेक त्याविषयीच आहेत. माझी नोकरी पुलांच्या बांधकामात आणि दुरुस्तीत गेली, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे सोपवली.

प्रश्न : साहेब, आमच्या गावाजवळचा सीनेवरचा जुना पूल पुरात पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर वरचा गाळ जेसीबीनं ओढला, वाहून गेलेल्या कठड्याच्या जागी बांबू बांधले आणि वाहतूक सुरू केली. आता त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात आणि शाळेची मुलंही. पूल चांगला आहे की नाही, हे आम्ही कसं ओळखायचं?
(एक शिक्षक, मोहोळ तालुका)

उत्तर : गुरुजी, पुलावर उभं राहून ते ओळखता येत नाही. पूर पुलाचं नुकसान करतो ते खालून. वाटेत खांब आला की पाणी भोवरे घेत त्याच्या बुडाशी शिरतं आणि तिथली वाळू-माती उकरून नेतं. पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळानं भरून निघतो. वरून पाहणाऱ्याला पात्र सपाट दिसतं, पण पायाला धरून ठेवणारा घट्ट थर गेलेला असतो. म्हणून पाणी उतरल्यावर खाली जाऊन प्रत्येक खांबाभोवती सळई खुपसून पाहावी लागते. कुठे सळई वीतभर जाऊन कठीण थराला लागते, तर कुठे दाबेल तशी आत जाते. तो फरक हाताला लगेच कळतो. पाणी खोल असेल तर पाणबुडे उतरवावे लागतात. तुमच्या पत्रात गाळ ओढल्याचं आहे, बांबूचं आहे, पण खाली कोणी उतरल्याचं नाही. माझी काळजी तिथेच आहे.

महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. १९२८ सालचा, दगडी कमानींचा पूल होता. दोन एसटी बस आणि इतर गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं तेव्हा सरकारतर्फेच सांगण्यात आलं. इतकी वर्षं झाली तरी मला हीच गोष्ट टोचते. उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिलेला पूल भर पुरात टिकेल का, हे तशा पाहणीतून कसं कळणार? पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा आणि मोठा पूर येऊन गेला की वेगळी, अशी तपासणी व्हायलाच हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत तपासणीचे नेहमीची, सखोल आणि विशेष असे प्रकार सांगितलेलेच आहेत.

जुना आहे म्हणून पूल पाडा, हे मात्र मला पटत नाही. पंढरपूरचा चंद्रभागेवरचा जुना दगडी पूल उजनी आणि वीर धरणांतून पाणी सोडलं की पाण्याखाली जातो आणि नंतर पुन्हा वापरात येतो. नीट राखलेलं दगडी काम फार सोसतं. उलट काँक्रीटचा पूल तिशी-चाळिशीतच आजारी पडू शकतो. पाणी मुरून आतली सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. मग तो वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो.

तुम्हाला स्वतःला पाहता येईल असं बरंच आहे. पात्र कोरडं असताना खांबांकडे पाहा. पूर्वी जिथपर्यंत माती-वाळू होती तिथे खांबावर रंगाचा पट्टा दिसतो. नदीचा तळ त्या पट्ट्याच्या बराच खाली गेला असेल, पायाची गोल विहीर (म्हणजे खांबाखाली तळात उतरवलेला विहिरीसारखा पाया) उघडी पडली असेल, तर ते तातडीचं समजा. वाळूउपशानं हेच होतं. पुलापासून प्रवाह पुढे जातो त्या बाजूला वाळू काढली की पात्र मागे पुलापर्यंत खचत येतं. त्यामुळे पुलाजवळचा उपसा ही सगळ्या गावाच्या जिवाशी येणारी गोष्ट आहे. दगडी खांबातल्या दरजा निघाल्यात का, त्यातून पिंपळ उगवलाय का, ते पाहा. पिंपळ वरून छाटून भागत नाही, मुळासकट काढून दरज भरावी लागते. काँक्रीटवर तांबूस ओघळ दिसले तर आतली सळई गंजतेय.

आणि कठड्याच्या बुडाशी पाणी जाण्यासाठी पाइप असतात, ते शोधा. बहुतेक पुलांवर ते सापडतच नाहीत, कारण दर डांबरीकरणात त्यांच्यावर थर चढतो. मी असे पाइप छिन्नीनं मोकळे करून घेतले आहेत. आत डांबराचा गोळा, त्याखाली माती, मातीत गवताची मुळं. तिथलं पाणी मग सांध्यातून थेट बेअरिंगवर, म्हणजे पुलाचा वरचा भाग खांबावर ज्यावर टेकतो त्या आधारावर, उतरतं. शिवाय एकावर एक चढवलेले डांबराचे थर पुलाला कायमचे वाहावे लागतात, ते ओझं वेगळंच. एक पाइप साफ ठेवायला एक मजूर आणि पहार पुरते. त्या कामाचा बोर्ड लागत नाही, उद्घाटन होत नाही, म्हणून ते राहून जातं. याचा मला मनापासून संताप येतो.

आता कुणाला विचारायचं ते सांगतो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, बंधारे जलसंपदाकडे. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. ग्रामसभेचा ठराव घ्या आणि माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. ‘पूल सुरक्षित आहे का?’ असं विचारू नका, त्याला ‘होय’ एवढंच उत्तर येईल. पुरानंतरच्या तपासणी अहवालाची प्रत मागा, तपासणीची तारीख मागा, पायाजवळच्या तळाची मोजमापं मागा. खाली कोणीच उतरलं नसेल तर मोजमापं देता येणार नाहीत, आणि तेही लेखी मिळेल. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. तोवर निदान उसाची जड वाहतूक थांबवावी, असं तहसीलदारांना लेखी कळवा.

प्रश्न : रेल्वेवरच्या पुलावर गर्दीत स्कूटर थांबली की पूल चक्क हलतो. पोटात गोळा येतो. हा पूल पडणार आहे का?
(एक वाचक भगिनी, सोलापूर शहर)

उत्तर : ताई, नुसत्या हलण्यानं घाबरू नका. शेजारून जड गाडी गेली की पूल थोडा लवतो आणि पुन्हा जागेवर येतो. तो तसाच बांधलेला असतो. पण गाडी सांध्यावरून जाताना दणका बसत असेल, सांध्याची एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेलेली दिसत असेल, किंवा हादरा आधीपेक्षा वाढला असेल, तर कळवायलाच हवं. रेल्वेवरच्या पुलाच्या बाबतीत महापालिका आणि रेल्वे, दोघांनाही अर्ज द्या. रुळांवरचा भाग एकाचा आणि चढ-उताराचा दुसऱ्याचा असं अनेकदा असतं, आणि एकाच कार्यालयात दिलेला अर्ज दुसरीकडे बोट दाखवून परत येतो.

प्रश्न : पुलावर जड वाहनांना बंदीची पाटी आहे, पण वळसा घालून कारखान्यावर जायचं तर डिझेल परवडत नाही. पाटी जुनी आहे. एवढं मनावर घ्यायचं का?
(एक ऊस वाहतूकदार, पंढरपूर तालुका)

उत्तर : घ्या दादा. दोन ट्रॉल्या भरून पुलावर चढता तेव्हा मागून कुणाची तरी मुलं सायकलवर येत असतात. एका आसावरचं (अ‍ॅक्सलवरचं) वजन थोडं वाढलं तरी रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताच्या हिशेबानं वाढतं, म्हणजे वजन दुप्पट झालं तर नुकसान सोळापट. २०१८ मध्ये केंद्रानं ट्रकच्या चार चाकांच्या आसावरची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. वाढ दिसायला लहान, पण या हिशेबानं रस्त्याची झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. जुने पूल तर त्याहूनही हलक्या गाड्यांच्या काळात आखलेले.

तुमचा राग मला समजतो. पाटी लावून हात झटकणं हाही अपराधच आहे. मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला माणसांच्या गर्दीनं पडला, चार जण गेले. धोक्याची पाटी तिथेही होती. बंदी घालायची तर दोन्ही तोंडांना उंचीचा अडथळा उभा करायला हवा आणि वळशाचा रस्ता चालण्याजोगा ठेवायला हवा. तुम्ही सगळे वाहतूकदार मिळून कारखान्याकडे वळशाचं जादा भाडं मागा. ते मागणं रास्त आहे.

प्रश्न : आमचा रस्ता दरवर्षी नवा होतो आणि दरवर्षी फुटतो. डांबरात भेसळ असते का?
(एक शेतकरी, दक्षिण सोलापूर)

उत्तर : असूही शकते, पण आधी जमीन पाहा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पुरेसा मुरूम दाबल्याशिवाय केलेला रस्ता कितीही चांगल्या डांबरानं टिकणार नाही. बाजूला चर नसेल तर पाणी बुडात मुरतं आणि कडा आधी खचतात. पुढचं काम सुरू होईल तेव्हा मुरमाचा थर घालताना तिथे उभे राहा. डांबर पडल्यावर जाऊन उपयोग नाही. कामाचा दोष दुरुस्तीचा कालावधी फलकावर लिहिलेला असतो, त्याचा फोटो ठेवा. त्या मुदतीत फुटलं तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं व्हायला हवी.

प्रश्न : खड्ड्यात गाडी जाऊन माझ्या भावाचा पाय मोडला. भरपाई मिळते का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : मागता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि जखमीला दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं न्यायालयानं म्हटलं आहे. पोलिसांतली नोंद आणि रुग्णालयाचे कागद जपून ठेवा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन अर्जाचं विचारा. तिथला सल्ला मोफत असतो. खड्ड्याचा फोटो मात्र आजच काढा. त्याच्या शेजारी ओळखता येईल असा खांब किंवा दुकान फोटोत येऊ द्या, कारण तक्रार गेली की तो खड्डा सगळ्यात आधी बुजवला जाईल.