वाचकांचे प्रश्न : वाटी, कप आणि ग्रॅम

प्रश्न : परदेशी पाककृतींत ‘दोन कप मैदा’ असे लिहिलेले असते. मी मापाच्या कपाने मोजूनच घेते, तरी तोच केक कधी लुसलुशीत होतो, तर कधी कोरडा आणि वर चिरा पडलेला. एका कपाचे नेमके किती ग्रॅम धरावेत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कपात काय भरले आहे आणि ते कसे भरले आहे, हे कळल्याशिवाय एका कपाचे ग्रॅम सांगता येत नाहीत. २४० मिलिलीटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावते, साखर सुमारे २०० ग्रॅम, लोणी सुमारे २२५ ग्रॅम, मध तर ३४० ग्रॅमच्या आसपास. मैदा मात्र १२० ते १२५ ग्रॅमच. त्यामुळे ‘एक कप म्हणजे पाव किलो’ असा सरसकट हिशेब पाण्यादुधाला चालला, तरी मैद्याला लावल्यास मैदा दुप्पट पडतो.

आपल्या केकचे कोडे मात्र बहुधा भरण्याच्या पद्धतीत आहे. मैदा डब्यातच चमच्याने ढवळून मोकळा केला, हलक्या हाताने कपात भरला आणि सुरीच्या पाठीने काठाशी सपाट केला, तर वर दिलेले वजन येते. तोच कप डब्यात खुपसून मैदा उचलला, तर पीठ दाबले जाते आणि वजन सहज १४० ते १५० ग्रॅमपर्यंत जाते. दोन कपांमागे हा फरक पन्नास ग्रॅमच्या घरात पोहोचतो, आणि अंडी, दूध, लोणी तेवढेच राहत असल्याने मिश्रण घट्ट होऊन केक कोरडा पडतो. साखरेचे दाणे असे दबत नाहीत, म्हणून तिच्या बाबतीत कपावर बराच भरवसा ठेवता येतो. माझा स्पष्ट सल्ला असा, की बेकिंगमध्ये दुसरे काही वजनाने घेतले नाही तरी चालेल, पण मैदा आणि कोको काट्यावरच घ्यावेत.

पाककृती कोणत्या देशातली आहे, तेही पाहावे. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलीटरचा, तर ऑस्ट्रेलियातला २५० मिलिलीटरचा असतो. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलीटरचा धरतात, ऑस्ट्रेलियात मात्र २० मिलिलीटरचा. अमेरिकन कृतीत लोण्याची ‘एक स्टिक’ सांगितली असेल, तर ती अर्ध्या कपाची, म्हणजे ११३ ग्रॅमची असते. आपल्याकडचे शंभर ग्रॅमचे पाकीट तिला थोडे कमी पडते.

बेकिंग पावडर आणि सोडा यांच्यासाठी मात्र काटा बाजूला ठेवावा. पाच मिलिलीटरच्या सपाट चमच्यात बेकिंग पावडर जेमतेम चार-पाच ग्रॅम मावते, आणि एकेका ग्रॅमच्या फरकाने आकडा दाखवणाऱ्या घरगुती काट्यावर एवढेसे वजन विश्वासाने मोजता येत नाही. तिथे मापाचा चमचाच अधिक अचूक ठरतो.

प्रश्न : सासूबाईंच्या वहीत चकलीच्या भाजणीचे प्रमाण शेर आणि चिपट्यांत आहे. ते किलोत कसे बदलावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी वहीतला शेर कोणता, ते ठरवावे लागेल. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. धान्य मोजायचा शेर हे निराळे भांडे, आणि त्याचा आकार गावोगाव सारखा नसे. चिपटे म्हणजे मापी शेराचा चौथा हिस्सा. वहीत चिपटे आले आहे त्याअर्थी हे प्रमाण मापाचे असणार. घरात जुने माप शिल्लक असेल तर ते काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरावे. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलीटर ते माप. रोजच्या वाटीचे मापही असेच काढता येते.

माप हरवले असले तरी चिंता नको, कारण भाजणीत एकूण वजनापेक्षा धान्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण महत्त्वाचे असते. तांदूळ, हरभऱ्याची डाळ आणि उडदाची डाळ ही तिन्ही एकाच वाटीत जवळपास सारख्याच वजनाची भरतात. म्हणून एक शेर तांदूळ, दोन चिपटी हरभरा डाळ आणि एक चिपटे उडीद डाळ असे लिहिले असेल, तर एक किलो, अर्धा किलो आणि पाव किलो घेतल्याने चकली बिघडत नाही. दोन पथ्ये मात्र पाळावीत. भाजल्यावर दाणे फुलतात आणि त्यांतला ओलावाही जातो, तेव्हा मोजमाप भाजण्यापूर्वी करावे. आणि पोहे घालत असाल, तर त्यांना हा नियम लावू नये. तांदळाच्या वाटीत पोहे वजनाने जवळपास निम्मेच मावतात, म्हणून ते त्याच वाटीने मोजून मग काट्यावर ठेवावेत आणि आलेला आकडा वहीत टिपून ठेवावा.

प्रश्न : मोदकाच्या उकडीला पीठ आणि पाणी सारखेच घेतात. मी दोन्ही दोनशे-दोनशे ग्रॅम घेतले, तर उकड कोरडी झाली आणि पारीला भेगा पडल्या. असे का? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : ‘वाटीला वाटी’ हे प्रमाण आकारमानाचे आहे. २४० मिलिलीटरच्या वाटीत तांदळाची पिठी दीडशे ग्रॅमच्या आसपास मावते आणि पाणी २४० ग्रॅम, म्हणजे वजनाने पाणी पिठीच्या दीडपटीहून थोडे अधिकच असते. दोनशे ग्रॅम पिठीला तीनशे ते सव्वातीनशे मिलिलीटर पाणी हवे होते. आपण त्यापेक्षा शंभरहून अधिक मिलिलीटर कमी घेतले. पिठी जुनी किंवा जाडसर असेल तर पाणी थोडे वाढवावे लागते, म्हणून उकडीसाठी काट्याच्या मागे न लागता एकच वाटी दोन्हींसाठी वापरावी आणि मळताना लागेल तसा पाण्याचा हात घ्यावा.